हे गाणं तुम्ही कुणाला सांगताय?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काय समजलं ते तुम्हाला कळेल. तुम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहता, अमेरिकाना (कंट्री, फोक अशा अमेरिकन लोकसंगीतातून आलेला प्रकार) गाता, दोन अल्बम बँडबरोबर करून झालेत. वडील जाऊन चौदा महिने झाले. त्यानंतर अकरा गाणी लिहिलीत: सात वडिलांच्या शेवटच्या वर्षावर, चार मोडलेल्या लग्नावर. रात्री स्वयंपाकघरात बसून फोनवर केलेले डेमो तुम्हाला खरे वाटतात. त्यातली तीन गाणी नॅशव्हिलच्या स्टुडिओत बँडबरोबर करून पाहिलीत, तर ती ‘छान आहेत, पण माझी नाहीत’ असं वाटलं. प्रोड्युसर म्हणतात, बँडशिवाय अल्बम पातळ होईल. तुम्ही विचारताय की सगळं एकट्या गिटारवर करू का, घरीच करू का, आणि इतकं घरातलं लोकांपुढे ठेवावं का. अगदी शेवटी एक छोटी ओळ आहे: गाण्यात ‘बाबा’ ठेवू की ‘डॅडी’ करू? ती तुम्ही जाता जाता लिहिली असेल, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिच्याकडे येतो.

मी नॅशव्हिलमध्ये एकवीस वर्षं रेकॉर्डिंग इंजिनिअर आहे, त्यातली शेवटची बारा वर्षं प्रोड्युसरही. त्याआधी मुंबईत भावगीतांची आणि नाटकांच्या संगीताची रेकॉर्डिंगं केली. कुणी गेल्यावर किंवा घर मोडल्यावर लिहिलेले अल्बम माझ्याकडे बरेच आले. तरी काही गोष्टी इथून सांगता येणार नाहीत. तुमचा आवाज मी ऐकलेला नाही. गाताना तुमचा गिटारचा हात किती स्थिर राहतो ते माहीत नाही. प्रोड्युसरबरोबरचा करार आणि हातातले पैसे, तेही नाही. त्याप्रमाणे तपशील बदलतील.

बँड की एकटी गिटार, हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो. डेमो गाताना तुम्ही कुणाशी तरी बोलत होतात. स्टुडिओत ते माणूस खोलीत नव्हतं. तिथे ड्रमर होता, काचेपलीकडे प्रोड्युसर होते, आणि तुम्ही त्यांना गाणं ‘ऐकवत’ होतात. शब्द तेच, सूर तोच, पण बोलणं कुणाशी हे बदललं की आवाज बदलतो. फोनवर आपली आई मामाशी बोलते तेव्हा आणि बँकेशी बोलते तेव्हा शेजारच्या खोलीतूनही फरक कळतो ना, तितका सरळ हा फरक आहे.

म्हणून माझ्याकडे असा अल्बम घेऊन कुणी आलं की पहिल्या दिवशी आम्ही माइक लावत नाही. वही काढतो. डावीकडे गाण्याचं नाव, उजवीकडे ते गाणं कुणाला सांगितलंय त्याचं नाव. ‘सगळ्यांना’ हे उत्तर मी घेत नाही. तुमच्या अकरा गाण्यांत एखादं थेट वडिलांना असेल, एखादं शेजारच्या खोलीत झोपलेल्या आईला, एखादं पूर्वीच्या नवऱ्याला, एखादं वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःला. एक-दोन गाण्यांपुढे नाव लिहिताच येणार नाही. बहुतेक वेळा तीच गाणी अजून पुरी झालेली नसतात, मग त्यांची चाल कितीही गोड असो.

आपल्याकडची जात्यावरची ओवी आठवा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतली बाई आपलं दुःख जगाला सांगायला बसलेली नसते. ती माहेरच्या भावाला सांगते, आईला सांगते, समोर खुंटा धरलेल्या जोडीदारणीला सांगते, कधी जात्यालाच सांगते. ऐकणारा ठरलेला असतो, म्हणून तिला प्रस्तावना लागत नाही. आणि आपण इतक्या वर्षांनी, इतक्या लांबून, ते चोरून ऐकल्यासारखे ऐकतो. तुमच्या अल्बमचा श्रोता मला त्या जागी बसलेला हवाय.

आता घरी करावं का, याबद्दल. हा प्रश्न आला की कुणीतरी अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’ या अल्बमचं नाव काढतंच, त्यामुळे तेच उदाहरण घेतो. जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या घरात, चार ट्रॅकच्या टास्कॅम पोर्टास्टुडिओ या घरगुती रेकॉर्डरवर, साध्या कॅसेटवर ती गाणी ध्वनिमुद्रित झाली. माइक म्हणजे दोन शुअर एसएम५७, कुठल्याही हॉलमध्ये सापडणारे. उद्देश फक्त बँडला गाणी शिकवण्याचा होता. पुढे बँडबरोबर ती करून पाहिली, जमली नाहीत, आणि शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाहेर आली. ही गोष्ट लोक घरगुती यंत्राच्या बाजूने सांगतात. ती कॅसेट रेकॉर्डच्या तबकडीवर उतरवताना काय त्रास झाला, ते सांगत नाहीत. बऱ्याच खटपटीनंतर ती कशीबशी उतरली. यंत्रामुळे तो अल्बम खरा झाला असं मला वाटत नाही. गाणारा माणूस त्या रात्री अल्बम करतच नव्हता, मला त्यातलं महत्त्वाचं ते वाटतं.

हेच तुमच्या फोनच्या डेमोला लावून पाहा. तो खरा का वाटतो, याचे भाग सुटे करता येतात. रात्र होती, घरातलं कुणी उठू नये म्हणून तुम्ही हळू गायलात, आणि हळू गायचं म्हणून पट्टीही खाली घेतलीत. कानाला हेडफोन नव्हता, त्यामुळे स्वतःचा आवाज वरून ऐकून सुधारत बसला नाहीत. क्लिक, म्हणजे लय बांधून ठेवणारा यंत्राचा ठोका, नव्हता, त्यामुळे दुसऱ्या कडव्यात लय नकळत सैल झाली. फोन हातभर अंतरावर टेबलावर होता. रेकॉर्ड झालेलं कुणी ऐकणार नव्हतं. यातली एकही गोष्ट फोनच्या माइकमुळे नाही, आणि जवळजवळ प्रत्येक गोष्ट स्टुडिओत पुन्हा करता येते. फोन मात्र आवाज स्वतःच लहानमोठा करतो, मागची सळसळ कापतो आणि त्याबरोबर गिटारच्या तारांच्या विरत जाणाऱ्या नादाची शेपटीही कापतो. ते नंतर परत आणता येत नाही.

एक छोटा प्रयोग करा. तुमच्या डेमोच्या पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या कडव्याची लय मोजा. मग बँडवाल्या रेकॉर्डिंगची मोजा. डेमोत कदाचित शेवटी मिनिटाला चार-पाच ठोके कमी झालेले दिसतील. स्टुडिओत त्याची सरासरी काढून क्लिक लावला जातो आणि ती सैल होणारी जागा जाते. वडिलांच्या सातही गाण्यांना क्लिक लावू नका, असं मी ठामपणे सांगेन. लग्नावरच्या चार गाण्यांचं वेगळं आहे. त्याबद्दल पुढे.

पट्टीबद्दलही तसंच. सकाळी अकरा वाजता, ड्रम्सवर आवाज चढवायचा म्हटलं की गायिका आपोआप वरची पट्टी धरते. डेमो तुम्ही एफमध्ये, म्हणजे आपल्या पांढरी चारमध्ये केला असेल आणि स्टुडिओत गाणं जीवर, पांढरी पाचवर गेलं असेल, तर ते दोन श्रुतींइतकंही लहान अंतर नाही. तो सगळा स्वभावाचा फरक आहे. खालच्या पट्टीत तुमच्या ओळीचा शेवटचा शब्द श्वासात विरतो, वरच्या पट्टीत तो सुरात टिकतो. वडिलांशी बोलताना तो विरलेला बरा. ई कॉर्डच्या आकारात वाजवून पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावा, खुल्या तारांची गुंजही राहील आणि पांढरी चारही मिळेल.

माइकपासूनचं अंतर हे माझ्या कामातलं सगळ्यात जुनं हत्यार आहे, त्यामुळे त्यावर थोडं जास्त बोलतो. दिशा असलेल्या माइकच्या जवळ गेलं की आवाजातला खर्ज वाढतो, ओठांचे आणि श्वासाचे बारीक आवाज पुढे येतात, आणि खोली नाहीशी होते. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस कानाशी बोलतंय. लांब गेलं की खोली येते, आणि माणूस दारात उभं असल्यासारखं वाटतं. हे अंतर मी आवाज ‘चांगला’ वाटावा म्हणून ठरवत नाही, वहीतलं उजवीकडचं नाव पाहून ठरवतो. वडील अंथरुणाला खिळलेत आणि तुम्ही उशाशी बसून बोलताय, तर माइक एक वीत. पूर्वीचा नवरा सामान न्यायला आलाय आणि तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या आहात, तर दीड-दोन हात. मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, कृत्रिम रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) टाकून हे नंतर करता येतं असं तुम्हाला कुणी सांगेल. खोलीचा आभास आणता येतो, हे खरं. पण हातभर लांबून माणूस ज्या जोराने बोलतो तो जोर नंतर आणता येत नाही.

गाणं आणि गिटार एकाच वेळी रेकॉर्ड करा. आधी गिटार, मग वर आवाज, असं नको. वेगळं केलं की गिटार साथीदार होते, आणि तुमच्या डेमोत ती हातातलं काम असल्यासारखी आहे, भाजी निवडताना बोलावं तशी. प्रोड्युसर म्हणतील की दोन माइकमध्ये एकमेकांचा आवाज शिरेल आणि मिक्स करताना हात बांधले जातील. त्यांची काळजी बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणजे आठच्या आकड्यासारखा ऐकणारा माइक. तो पुढून-मागून ऐकतो, बाजूंना बहिरा असतो. गिटारवरच्या माइकची बहिरी बाजू तोंडाकडे करा, तोंडासमोरच्या माइकची गिटारकडे. थोडा आवाज तरी शिरेलच. तो राहू द्या. याची किंमत म्हणजे कडव्यातला एक शब्द चुकला तर तेवढाच बदलता येत नाही, पूर्ण कडवं पुन्हा गावं लागतं. अशा अल्बमला ती किंमत मोजावी असं मला वाटतं.

इथे माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गायिकेचा अल्बम मिक्स करताना मी तिच्या ओळींमधले श्वास नीट कापून काढले. तेव्हा ते स्वच्छ काम समजत होतो. तिने ऐकलं आणि शांतपणे म्हणाली की हे गाणाऱ्या बाईला काहीच झालेलं नाहीये. मी सगळे श्वास परत टाकले, एक रात्र गेली. तेव्हापासून कडव्याच्या आधीचा श्वास मी शब्दाइतकाच जपतो. तुमच्या करारात संपादनाबद्दल काही ठरलेलं नसेल, तर हे प्रोड्युसरशी आत्ताच बोलून घ्या: श्वास, तारेवरून बोट सरकल्याची किरकिर, खुर्चीचा आवाज, यांना तुमच्या परवानगीशिवाय हात लागणार नाही.

आता बँड. तुमचे प्रोड्युसर निम्मे बरोबर आहेत. अकराच्या अकरा गाणी एकट्या गिटारवर, हे फार थोड्यांना पेलतं. अमेरिकाना गायक जेसन इसबेलने २०२५ मध्ये असा अल्बम केला: लग्न मोडल्यानंतर, न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत, पाच दिवसांत, फक्त आवाज आणि १९४० सालची एक छोटी महोगनी मार्टिन गिटार. त्या गिटारचं अंग लहान, खर्ज थोडा, त्यामुळे पुरुषी आवाजाला खाली पूर्ण जागा मिळते. अशी निवड बारकाईने झालेली असते. ‘साधं’ म्हणून नुसतं काढून टाकलं की साधं होत नाही. तुमच्याकडे मोठ्या अंगाची, घुमणारी गिटार असेल तर एकटीसाठी ती बहुधा चुकीची ठरेल. लहान अंगाची एखादी मागून आणून पाहा.

माझी रीत अशी: गाण्याच्या खोलीत जितकी माणसं, तितकीच वाद्यं. वडिलांच्या उशाशी तुम्ही आणि ते, दोघंच असाल, तर तिथे ड्रमर काय करतोय? आई दारात उभी असेल तर अपराइट बास (उभं धरून वाजवायचं खर्जाचं मोठं तंतुवाद्य) चालेल, एकच, आणि कडव्याच्या मध्यापासून. मात्र लग्नावरच्या चार गाण्यांत भांडण आहे, लोक आहेत, गाडी चालवत निघून जाणं आहे. तिथे बँड घ्या, क्लिक लावायचा तर लावा, मोकळेपणाने वाजू द्या. सात गाण्यांच्या शांततेनंतर ते ड्रम्स श्रोत्यालाही हवेच असतील.

पेडल स्टीलबद्दल, म्हणजे तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवायच्या आडव्या गिटारबद्दल, स्वतंत्र सूचना. अमेरिकानात ते वाद्य इतकं गृहीत धरलं जातं की कुणी विचारत नाही. त्याचं मूळ हवाईतलं, आपल्या जुन्या भावगीतांत आणि सिनेसंगीतात जी हवाईयन गिटार ऐकलीत तिचंच हे पुढचं भावंड. ते वाजतं दोन ओळींच्या मधल्या जागेत, म्हणजे तुम्ही बोलता आणि ते उत्तर देतं. आता विचार करा: तुमच्या गाण्यात वडील उत्तर देऊ शकत नाहीत, हेच तर दुःख आहे. तिथे स्टीलने इतक्या गोडव्याने उत्तर दिलं की गाण्याचा कणाच मोडतो. तुमच्या चाचणी-रेकॉर्डिंगमध्ये ‘छान पण माझं नाही’ वाटलं त्याचं एक कारण हे असू शकतं. स्टील लग्नावरच्या गाण्यांत ठेवा. वडिलांच्या गाण्यांत ओळींमधली जागा रिकामी राहू द्या.

नॅशव्हिलची कामाची पद्धतही लक्षात घ्या. सत्र तीन तासांचं, रूढ वेळा सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. वादकांसमोर कॉर्डच्या आकड्यांचा तक्ता असतो, १, ४, ५ असा. आपल्या सरगमसारखंच ते चल आहे: १ म्हणजे सा, पट्टी कुठलीही घ्या. त्यामुळे हे वादक एकदा ऐकून गाणं वाजवतात, आणि विलक्षण वाजवतात. पण त्या कागदावर गाण्याचे शब्द नसतात. मी तक्त्याच्या मागे पूर्ण गीत छापून देतो, आणि गायिकेला दोन मिनिटं बोलायला लावतो: हे मी कुणाला सांगतेय. ते ऐकल्यावर ड्रमर स्वतःहून काठ्या ठेवून ब्रश घेतो, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. सूचना द्यावी लागत नाही. आणि वडिलांची गाणी सकाळी दहाच्या सत्राला ठेवू नका. ती रात्रीची आहेत, संध्याकाळी सहाचं सत्र घ्या.

इथवरचं थोडक्यात: प्रत्येक गाण्यापुढे ऐकणाऱ्याचं नाव, वडिलांची सात गाणी स्टुडिओत, पण घरातल्या अटींवर, म्हणजे संध्याकाळी, खालच्या पट्टीत, क्लिक आणि हेडफोनशिवाय, लग्नाची चार बँडबरोबर.

खासगीपणाचा प्रश्न जास्त नाजूक आहे, आणि इथे माझा अनुभव मतासारखाच घ्या. अमेरिकन गायिका-गीतकार लुसिंडा विल्यम्स यांचा १९९८ चा गाजलेला अल्बम तुम्हाला माहीत असेलच. त्याच्या शीर्षकगीतात गाडीच्या मागच्या सीटवर बसलेलं एक लहान मूल आहे. त्यांचे वडील, कवी मिलर विल्यम्स यांनी ते ऐकलं आणि मुलीची माफी मागितली. ते मूल म्हणजे आपण, हे लुसिंडांना स्वतःलाही तोवर उमगलं नव्हतं. गाण्यात आरोप कुठेच नाही. आवाज, वास, रस्ता, घरातला ताण, एवढंच आहे. तुमच्या लग्नावरच्या गाण्यांसाठी हा धडा मला मोलाचा वाटतो. काय घडलं ते ठेवा, निकाल काढून टाका. तो कसा माणूस होता हे सांगणारी ओळ खोडून त्या दिवशी टेबलावर काय होतं ती ओळ लिहा. निकालाच्या ओळी दोन वर्षांनी तुम्हालाच गाववणार नाहीत, आणि मंचावर त्या शंभर वेळा गायच्या आहेत.

सगळं ‘मी’ म्हणूनच सांगायला हवं असंही नाही. याच इसबेलने दारू सोडल्यानंतर २०१३ मध्ये केलेल्या अल्बममधलं एक गाणं जुन्या काळातल्या एका गुन्हेगाराच्या तोंडून आहे. पूर्वीचा मी वाईट होतो, पण त्याच्याबरोबर माझ्यातलं काही चांगलंही गेलं का, ही त्याची स्वतःची धास्ती त्याने त्या पात्राला दिली. जे तुम्हाला स्वतःच्या नावाने म्हणवत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालून पाहा.

आणि जिवंत माणसांना अल्बम बाहेर येण्याआधी ऐकवा. आईला तर समोर बसून. परवानगी मागण्यासाठी नव्हे. तिने ते गाडीतल्या रेडिओवर किंवा नातेवाइकांच्या फोनवरून पहिल्यांदा ऐकू नये म्हणून. मी काम केलेल्या एका अल्बममध्ये हे राहून गेलं, आणि घरात जे झालं ते गाणं कितीही चांगलं असलं तरी भरून आलं नाही. नवऱ्याबद्दलच्या गाण्यांत ओळख पटेल असे तपशील असतील तर वकिलाला दाखवून घ्या, ते काम तासाभराचं आहे.

आता ‘बाबा’. ठेवा. वडिलांना तुम्ही उशाशी बसून डॅडी म्हणाला नाहीत. तो शब्द बदलला की वहीतलं उजवीकडचं नाव पुसलं जातं आणि गाणं कुठल्यातरी दुसऱ्याच वडिलांचं होतं. टेनेसीतल्या श्रोत्याला कळणार नाही अशी भीती बाळगू नका. पहिल्याच कडव्यात इस्पितळाची खाट आणि हातातला हात असेल तर बाबा म्हणजे कोण हे सांगायला नको. गळ्यालाही तो शब्द सोयीचा आहे, दोन्ही आकार मोकळे, शेवट कितीही लांबवता येतो. ‘आई’ला थोडी काळजी घ्या: ‘आ’ धरून ठेवा आणि ‘ई’ अगदी शेवटी मिटा, नाहीतर इंग्रजी कानाला ते ‘आय’ म्हणजे ‘मी’ ऐकू येईल. हे संगीत अमेरिकन आहे का नाही, असा प्रश्न कुणी काढला तर त्याला बँजो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आला हे आठवत नसावं. फिडलच्या कितीतरी चाली आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या. सातासमुद्रापारचं घर मागे ठेवून आलेल्यांची गाणी हा या संगीताचा जुनाच माल आहे.

क्रमाबद्दल थोडं. रेकॉर्डची तबकडी काढणार असाल तर एका बाजूला अठरा ते वीस मिनिटंच ठेवा. तबकडीच्या मध्याकडे सुईखालून जाणाऱ्या खाचेचा वेग बाहेरच्या निम्म्याहूनही कमी होतो, त्यामुळे तिथे जोराचा आवाज आणि ‘स’, ‘श’ फाटतात. बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवा, आणि तेही ज्यात ‘स’ कमी आहेत असं. मास्टरिंगला, म्हणजे अल्बमवरच्या शेवटच्या हाताला, आवाज चढवू नका म्हणून सांगा. स्पॉटिफाय सगळंच साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आणतं, चढवून काही पदरात पडत नाही.

शांततेचाही विचार करा. गायिका रोझॅन कॅश यांनी आई, वडील, म्हणजे प्रसिद्ध कंट्री गायक जॉनी कॅश, आणि सावत्र आई जून यांच्या मृत्यूंनंतर २००६ मध्ये अल्बम केला. त्याचा शेवटचा ट्रॅक ७१ सेकंदांची नुसती शांतता आहे, कारण आई आणि वडील दोघंही ७१ व्या वर्षी गेले. तुम्ही तसंच करा असं म्हणत नाही. पण वडिलांचं शेवटचं गाणं आणि लग्नाचं पहिलं गाणं यांच्यामध्ये नेहमीचे दोन सेकंद ठेवू नका. मास्टरिंगच्या दिवशी स्वतः बसा, आणि पुढचं गाणं ऐकवेल असं वाटेल तेव्हा हात वर करा. तेवढं अंतर.

राहता राहिलं ते गाणं, जे पूर्ण गाताना तुम्हाला रडू येतं असं तुम्ही लिहिलंय. गाणारा रडला तो टेक, म्हणजे रेकॉर्डिंगची ती फेरी, मी क्वचितच वापरलाय. त्या टेकमध्ये शब्द बुडतात, आणि ऐकणारा गाण्यातून बाहेर येऊन गाणाऱ्याची काळजी करू लागतो. पण त्याच्या लगेच नंतरचा टेक, नाक पुसून, पाणी पिऊन, आवाज थोडा जड असताना घेतलेला, तो बहुतेक वेळा मिळतो. म्हणून ते गाणं रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी शेवटचं ठेवा. खोलीत तुम्ही, बाहेर फक्त इंजिनिअर. प्रोड्युसरना फिरून यायला सांगा. समोर एक रिकामी खुर्ची ठेवा, बाबा बसायचे तितक्या उंचीची आणि तितक्या अंतरावर, आणि तिच्याकडे पाहून गा. टेप चालूच राहू द्या, मध्ये थांबवू नका. तीन वेळा गा. त्या रात्री एकही टेक ऐकू नका, घरी जा आणि जेवा. त्याच्या पुढच्या सकाळी आईला घेऊन स्टुडिओत या आणि तिन्ही टेक तिच्याबरोबर ऐका.